शेतात गांजाची झाडं सापडली, नवरा तुरुंगात. जामिनासाठी सासऱ्यांनी गुन्हा अंगावर घ्यावा का?

मराठवाड्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून मजकूर थोडक्यात देते.

चार एकर कोरडवाहू जमीन, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सासऱ्यांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. नवरा तालुक्याच्या गावी टेम्पो चालवतो, म्हणून गेली तीन वर्षं जमीन बटईनं दिलेली, सगळा व्यवहार तोंडी. ताई स्वतः त्याच शेतात रोजानं खुरपायला जातात. दिवाळीनंतर पोलिसांनी तुरीच्या ओळींमधून गांजाची झाडं उपटून नेली आणि पंचनाम्यात वजन बासष्ट किलो लिहिलं. नवऱ्याला अटक झाली. बटईदार त्या रात्रीपासून गायब. जिल्ह्याच्या विशेष न्यायालयानं जामीन फेटाळून आता काही दिवस झाले. गाव म्हणतं, "एनडीपीएसला (म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गुन्ह्याला) जामीन नसतोच." दीर म्हणतात, "आबांनी सांगावं मीच लावली. म्हातारा माणूस, त्यांना लगेच जामीन होईल आणि दादा सुटेल." सासरे तयार आहेत. एका ओळखीच्या माणसानं "वरपर्यंत पोचवतो" म्हणून वीस हजार घेतले आणि आता आणखी मागतोय. दुसरा एक जण बटईचा मागच्या तारखेचा कागद करून द्यायला निघालाय. पत्राच्या शेवटी ताई लिहितात: "श्रावणात हे मला म्हणाले होते, ओढ्याकडच्या पट्ट्यात जाऊ नको, तिथं औषध मारलंय. मी तेव्हा काही विचारलं नाही. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही. वकिलांना सांगू का? आणि मी गावात राहू की मुलांना घेऊन माहेरी जाऊ?"

ताई,

सासऱ्यांचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी गोष्टींना चार दिवस मिळतील, याला मिळणार नाहीत. ते पोलीस ठाण्यात जाऊन "मीच लावली" असं सांगायच्या विचारात असतील तर त्यांना आजच थांबवा.

दिरांचा हिशोब असा दिसतो: गुन्हा एक, तो एकानं कबूल केला की दुसरा मोकळा, आणि कबूल करणारा म्हातारा असल्यानं तोही दोन दिवसांत घरी. कायदा असा चालत नाही. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. हे जुन्या पुरावा कायद्यात होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. त्यामुळे सासऱ्यांच्या सांगण्यानं तुमच्या नवऱ्यावरचा आरोप पुसला जाणार नाही. उलट सासऱ्यांना आरोपी करायला पोलिसांना निमित्त मिळेल. बाप-लेक दोघांनी मिळून केलं असं म्हणायला एनडीपीएस कायद्यात कलम २९ तयारच आहे. गुन्ह्याला मदत करणं किंवा कटात सामील होणं, याला त्या कलमाखाली मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे.

वयाचंही तसंच. स्त्रिया, आजारी आणि अशक्त माणसं यांचा जामिनाच्या वेळी वेगळा विचार व्हावा अशी सोय सर्वसाधारण कायद्यात आहे. पण आरोप व्यावसायिक प्रमाणाचा, म्हणजे वीस किलोच्या वरच्या गांजाचा असेल तर एनडीपीएसच्या कलम ३७ मधल्या जामिनाच्या कडक अटी त्याच्यावर येऊन बसतात. वय झालंय म्हणून त्या आपोआप उठत नाहीत. एक माणूस आत आहे, त्याला सोडवायला निघालात आणि दोघांच्या मुलाखतीसाठी तुरुंगाच्या दाराशी उभं राहायची वेळ आली, असं होऊ देऊ नका. कबुली खोटी असेल तर ते पापही त्यांच्या माथी कशाला?

सासऱ्यांना खरा धोका वेगळाच आहे. सातबारा त्यांच्या नावावर असल्यानं पोलीस त्यांच्याकडे येऊ शकतात. त्यासाठी त्यांच्यापुरता अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, हे वकिलांना आत्ताच विचारा. जबाबासाठी बोलावणं आलं तर साक्षीदार म्हणून साठ वर्षांवरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला राहत्या घराबाहेर हजर राहायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. ही तरतूद तुम्हालाही लागू आहे. त्यांनी जे खरं आहे तेवढंच सांगावं: जमीन माझी, कसायला अमक्याला दिली, त्या पट्ट्याकडे माझं जाणं नाही.

आता "जामीन नसतोच" या वाक्याकडे येते. तुमच्या घरातले सगळे निर्णय या एका वाक्याच्या धाकानं होताहेत, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ३७ जामीन अवघड करतं, हे खरं. सरकारी वकिलांना ऐकून घ्यावं लागतं. त्यांनी विरोध केला तर आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारणं आहेत आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. नेहमीच्या गुन्ह्यांत एवढं लागत नाही. पण हे कलम कुणाला लागू आहे? कलम १९, २४ आणि २७-अ चे गुन्हे, आणि व्यावसायिक प्रमाणाचे गुन्हे. एवढ्यांनाच.

तुमच्या नवऱ्यावर नेमका कोणता आरोप आहे, हे पत्रावरून कळत नाही. तुम्ही "कलम ८(क), २०" असं लिहिलंय. या कलम २० च्या पोटात वेगवेगळे गुन्हे आहेत आणि जामिनाचा सगळा रस्ता तिथेच फुटतो. गांजाचं झाड लावणं, त्याची लागवड करणं, हा २०(अ) चा गुन्हा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. त्यात वजनाचा प्रश्नच नाही, दहा झाडं असोत की पाचशे. वजन नाही म्हणून व्यावसायिक प्रमाण नाही, आणि कलम ३७ च्या यादीत २०(अ) चं नावही नाही. तयार गांजा बाळगणं, विकणं, नेणं हा २०(ब) चा गुन्हा. तिथे वजन मोजलं जातं: एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यावसायिक. व्यावसायिक ठरलं की शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि कलम ३७ दारात उभं. आपल्या ताब्यातली जागा अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणं हा तिसरा गुन्हा, कलम २५ चा.

बासष्ट किलो हा आकडा एफआयआरमध्ये का आला, हे आता लक्षात येईल. शेतात उभी असलेली झाडं उपटून वजन केलं आणि त्याला "बासष्ट किलो गांजा" म्हटलं की लागवडीचं प्रकरण व्यावसायिक प्रमाणाच्या ताब्याचं होऊन बसतं. जामीन फेटाळण्याचा आदेश नीट वाचला तर कारण बहुधा हेच सापडेल.

म्हणून पंचनाम्याची नक्कल मिळवा आणि वकिलांच्या शेजारी बसून ती ओळीओळीनं वाचा. "उग्र वासाची हिरवी झाडे, मुळासह" असं लिहिलंय का? फुलं-बोंडांचा उल्लेख आहे का, की फक्त पानं आणि खोडं? वजन ओल्या झाडांचं केलं का, माती झटकून केलं का, फांद्या-मुळं धरून केलं का? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. सगळं झाड तराजूवर टाकून आलेलं वजन म्हणजे गांजाचं वजन नव्हे, हा मुद्दा जामिनाच्या टप्प्यावर उच्च न्यायालयांनी विचारात घेतला आहे, मुंबई उच्च न्यायालयानंही घेतला आहे. बासष्ट किलोतून मुळं, खोडं, पानं वजा जाता किती उरतं, आणि ते पोलिसांनी वेगळं मोजलंच नसेल तर वीस किलोची रेघ ओलांडली हे कशावरून म्हणायचं, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढे नेण्याजोगा आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. पंचनाम्यात चूक सापडली की जामीन पक्का, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्यायचे, यादी त्यांच्याकडून प्रमाणित करून घ्यायची, ही कलम ५२-अ ची पद्धत आहे. तपासात ती पाळली गेली नाही असं बऱ्याचदा दिसतं. पण तेवढ्या एका त्रुटीवर जामीन मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या अर्जाचा कणा वजन आणि कलम हाच असू द्या. पंचनाम्यातल्या बाकी त्रुटी त्याच्या जोडीला.

दुसरा मोठा मुद्दा: जमीन कसत कोण होतं? कलम ५४ प्रमाणे ज्यानं जमीन कसली त्याच्या शेतात अशी झाडं सापडली तर खुलासा त्यानं द्यायचा. तो बोजा कसणाऱ्यावर आहे, सातबाऱ्यावर नाव असलेल्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा उत्तर प्रदेशातल्या प्रकरणातला एक निकाल वकिलांना जरूर दाखवायला सांगा. तिथेही जमीन घरातल्या अनेकांची होती. झाडं जमिनीत सापडली एवढ्यावरून या आरोपीनंच ती लावली असं धरता येत नाही, म्हणून न्यायालयानं त्याला सोडलं. आणि कलम २५ मधलं "जाणूनबुजून" सरकारी पक्षानं आधी सिद्ध करायला हवं, हे २०११ च्या निकालात आलेलं आहे.

इथे तुमच्याकडे कागद नाही, आणि का नाही ते आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. बटईदाराचं नाव कागदावर आलं तर उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल, या भीतीनं पिढ्यान्‌पिढ्या हे व्यवहार तोंडी चालतात. ही भीती आज तुमच्याच मुळावर आली आहे. तरी खुणा असतातच. त्याला दिलेली उचल कुठल्या वहीत लिहिली असेल. गेल्या वर्षीच्या तुरीच्या, सोयाबीनच्या वाट्याचा हिशोब असेल, आडतीवरची पट्टी असेल. कृषी सेवा केंद्रातलं बियाणं-खत त्याच्या नावानं, त्याच्या मोबाइलवरून पैसे देऊन घेतलेलं असेल. ई-पीक पाहणी कुणाच्या मोबाइलवरून झाली, त्यात कोणत्या गटाचा फोटो आहे, हेही पाहा. शेजारचे शेतकरी रोज त्यालाच त्या शेतात बघत होते. तुमचा स्वतःचा रोजही त्यानं दिला होता, ताई. स्वतःच्याच शेतात तुम्ही दुसऱ्याकडून मजुरी घेत होतात, हा साधा तपशील पन्नास कागदांपेक्षा जास्त बोलतो. फोनवर पैसे आले असतील तर त्या नोंदी आजच काढून ठेवा. नवऱ्याच्या टेम्पोच्या फेऱ्या, भाड्याच्या पावत्या, डिझेलची बिलं, तो दिवसभर कुठे असायचा हे दाखवणारं सगळंच गोळा करा.

आणि म्हणूनच तो मागच्या तारखेचा कागद करू नका. स्टॅम्प पेपर कुणी, कधी, कुणाला विकला याची नोंद असते, आणि तपास अधिकारी ती काढतात. खोटा दस्त उघडा पडला तर नवा गुन्हा तर लागेलच, शिवाय तुमच्या वहीतली खरी नोंदही कुणी खरी मानणार नाही.

आता औषधाच्या त्या वाक्याबद्दल. ते तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार, कारण पत्रातला सगळ्यात जड भाग तोच आहे.

वकिलांना सांगा. सगळं, जसं घडलं तसं. अशिलानं वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या परवानगीशिवाय उघड करू शकत नाही. नवऱ्यानं संसारात तुमच्याशी केलेलं बोलणं सांगायला कायदा तुम्हाला भाग पाडत नाही. त्यामुळे खरं बोललं की नवऱ्याचं नुकसान होईल, ही भीती वकिलांच्या खोलीपुरती तरी बाजूला ठेवा. नुकसान होतं ते वकिलांना अर्धंच माहीत असल्यानं. ते "माझ्या अशिलाला काहीच माहीत नव्हतं" या एकाच पायावर अर्ज उभा करतात आणि उद्या बटईदार सापडला, त्यानं उलट सांगितलं, किंवा फोनच्या नोंदींत दोघांचं बोलणं निघालं की तो पायाच निघतो.

त्या वाक्याचा अर्थ तुम्ही मनात ठरवून टाकलाय. तो बरोबर असेलही. खरोखरच तणनाशक मारलेलं असू शकतं. बटईदारानं त्याला तसं सांगितलं असेल आणि त्यानं तुम्हाला सांगितलं असेल. किंवा त्याला माहीत होतं आणि तुम्हाला त्यापासून लांब ठेवायचं होतं. हे तुम्ही घरात बसून ठरवू शकणार नाही, आणि जामिनासाठी ठरवायची गरजही नाही. जामिनाच्या अर्जात नवरा निर्दोष आहे असं तुम्ही छातीठोकपणे सांगायचं नसतं. कलम कोणतं लागतं, वजनाचा हिशोब टिकतो का, याआधी गुन्हा आहे का, घर-दार-पोरंबाळं इथेच आहेत ना, झाडं जप्त झाल्यावर आत ठेवून तपासाला आणखी काय हवंय, एवढ्या मुद्द्यांवर अर्ज खोटं न बोलता उभा राहतो. तुम्हाला शपथपत्रावर सही करायला सांगितली तर वाचून करा. जे तुम्हाला माहीत नाही ते "मला माहीत आहे" असं लिहिलेलं असेल तर बदलून घ्या.

नवऱ्याला माहीत होतं असं उद्या निघालं तर? तरीही जामिनाचा त्याचा हक्क संपत नाही. गुन्हा केला की नाही हे खटल्यात ठरेल. खटल्याचा निकाल लागेपर्यंत माणसाला कोठडीत ठेवायचं का, एवढाच जामिनाचा प्रश्न. हा फरक तुमच्या मनात पक्का झाला तर दिरांचा, गावाचा आणि स्वतःचाही निम्मा ताण उतरेल, असं मला वाटतं. बियाणं पुरवणारा आणि माल उचलणारा व्यापारी अशा प्रकरणांत क्वचितच हाती लागतो. पोलिसांना सापडतो तो शेताचा धनी नाहीतर मजूर. हे बघून मला फार वाईट वाटतं. म्हणून तर सांगते, बटईदारामागे आणखी कोण होतं याबद्दल तुम्हाला किंवा नवऱ्याला काही माहिती असेल तर तीही वकिलांपाशी बोला. तपासात ती कशी आणि कधी द्यायची ते त्यांना ठरवू द्या.

दिवसांची मोजणी सुरू करा, हे फार महत्त्वाचं आहे. पोलिसांनी ठराविक मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर गुण-दोष न बघता जामीन मिळायचा हक्क तयार होतो. व्यावसायिक प्रमाणाच्या प्रकरणात ही मुदत १८० दिवस, आणि सरकारी वकिलांच्या अहवालावर न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवू शकतं. आरोप फक्त लागवडीचा, म्हणजे "दहा वर्षांपर्यंत" शिक्षेचा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाच्या आधारे ६० दिवसांचा दावा करता येतो. त्या निकालाप्रमाणे किमान शिक्षाच दहा वर्षं असेल तेव्हा ९० दिवस लागतात. निकाल जुन्या फौजदारी संहितेखालचा आहे, म्हणून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ शी तो जोडून मांडायला वकिलांना सांगा. मोजायला सुरुवात करायची ती पहिल्या रिमांडच्या, म्हणजे न्यायालयानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. मुदत संपताच अर्ज द्यावा लागतो. दोषारोपपत्र आधी दाखल झालं तर हा हक्क गेला. अर्ज आधी पोचला आणि त्यानंतर पोलिसांनी घाईनं दोषारोपपत्र आणलं, तर मात्र हक्क शाबूत राहतो. एनडीपीएसच्याच एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं आहे. तुमच्या प्रकरणात सरकारी पक्ष १८० म्हणणार हे उघड आहे, तरी साठाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि वकिलांना आठवण करा.

खटला वर्षानुवर्षं रेंगाळला तर कलम ३७ असूनही जामीन मिळतो. मार्च २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विलंबाला महत्त्व दिलं आहे. पण तो मुद्दा तुमच्या नवऱ्याला इतक्यात कामाचा नाही. त्यावर भिस्त ठेवून आत्ताचा अर्ज कच्चा ठेवायचा नाही.

वीस हजार घेतलेल्या त्या माणसाला आता एक रुपयाही देऊ नका. वरपर्यंत कुणी पोचवत नसतं. जामीन मिळाला तर तो म्हणेल मी केलं, नाही मिळाला तर म्हणेल पैसे कमी पडले. पैसे संपले असतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि स्त्री म्हणून तुमचाही तो हक्क आहे. जिल्ह्याला लोकअभिरक्षक कार्यालय असेल तर तिथे फौजदारी खटलेच बघणारे वकील असतात. उच्च न्यायालयातल्या अर्जासाठी खंडपीठाच्या विधी सेवा समितीकडे जाता येतं. काहीच कळलं नाही तर १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जाताना सोबत न्यायच्या गोष्टी: एफआयआर, रिमांडचे कागद, पंचनामा, जामीन फेटाळल्याचा आदेश, सातबारा आणि आठ-अ, आधार, आणि प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट आला असेल तर तो.

जामीन मंजूर झाला म्हणजे त्याच दिवशी माणूस घरी, असं नसतं. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागतो, आणि असल्या गुन्ह्यात गावातलं कुणी पुढे यायला कचरतं. तुमच्या माहेरचं कुणी जामीन राहील का, हे आत्ताच विचारून ठेवा. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. रक्कम झेपत नसेल तर ती कमी करून मागता येते. सुटल्यावर हजेरीच्या अटी एकदाही चुकवू नका.

जमीन सरकारजमा होणार, असं गावात बोलतात असंही तुम्ही लिहिलंय. या कायद्यात मालमत्ता जप्तीचं प्रकरण आहे, पण ते अमली पदार्थांच्या धंद्यातून मिळवलेल्या मालमत्तेसाठी. वडिलोपार्जित रानात कुणी झाडं लावली म्हणून ते रान आपोआप जात नाही. घाबरून आत्ता जमीन दिरांच्या किंवा कुणाच्या नावावर करू नका.

हे पत्र छापतेय ते पुण्या-मुंबईत राहून गावची जमीन बटईनं देणाऱ्या वाचकांसाठीही. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत गांजा किंवा अफू बेकायदा लावलेली दिसली तर लगेच कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा आहे. तशीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर कलम ४७ नं टाकली आहे. दिसलं तर स्वतः उपटून जाळू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. उपटून टाकलं तर पुढे तुमच्या बाजूनं बोलणारं काहीच उरत नाही. खसखशीचं पीक म्हणून अफू लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परवान्यानं अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठराविक भागांतच होते, महाराष्ट्रात नाही. आणि हंगामात निदान दोनदा, विशेषतः श्रावण ते कार्तिक या काळात, तूर-कापूस-उसाच्या आत शिरून रान पाहून या. बांधावरून काही दिसत नाही.

ताई, माहेरचा प्रश्न. जामिनाच्या अर्जात कायमचा पत्ता आणि तिथे असलेलं कुटुंब या दोन गोष्टी कामी येतात, म्हणून अर्जाचा निकाल लागेपर्यंत गावचं घर बंद करू नका. सासरे एकटे पडतील आणि दीर पुन्हा त्यांना तयार करतील, ही भीतीही मला आहे. मुलांना शाळेत टोमणे बसत असतील तर त्यांना काही आठवडे मामाकडे ठेवा. शाळेशी बोलून हजेरीचं बघता येईल. उलट असंही होऊ शकतं की जामीन देताना न्यायालय नवऱ्याला काही काळ तालुक्यात यायला मनाई करेल. तेव्हा राहायला दुसरा पत्ता लागेल आणि तो माहेरचा देता येईल. भावाशी आत्ताच बोलून ठेवा, तुमच्या जिल्ह्याबाहेरचं ते घर चालेल का, आणि तो तसं लिहून द्यायला तयार आहे का.